दाढीला गार पाणी

थंडोबाला गार पाणी जन्मात कधी आवडलं नव्हतं. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर पुढे कुणाला वाटायचं की गडी मुळातच काटक होता. काटक कसला डोंबलाचा! लहानपणी आई अंघोळीला बोलवायची तेव्हा हा पलंगाखाली दडून बसायचा, आणि ओढून बाहेर काढला तरी आधी बादलीत बोट बुडवून पाण्याची परीक्षा घ्यायचा. असल्या माणसाने एकवीस वर्षं रोज सकाळी सहाला नळाच्या गारढोण पाण्याने दाढी केली, आणि वर त्याबद्दल चार माणसांत कौतुक करून घेतलं. थंडोबा हे नावही त्यावरूनच पडलं.

हे सगळं रामायण घडलं एका वाक्यामुळे.

लग्न झालं तेव्हा त्याला राहायला जागा नव्हती. बायको एकुलती एक, तिची आई आधीच गेलेली, घरात फक्त वडील. "सहा महिने इथेच राहा, तोवर खोली बघू," असं ठरलं आणि जोडपं बायकोच्या माहेरी आलं. सासरे शाळेत मुलांना ड्रिल शिकवायचे. सगळी इमारत त्यांना मास्तर म्हणायची, आणि थंडोबाही मास्तरच म्हणू लागला. घर दुसऱ्या मजल्यावर. दोन खोल्या, स्वयंपाकघर, आणि मधल्या बोळात एक बेसिन. बेसिनच्या बरोबर समोर मास्तरांची खुर्ची. पाणी तापवायचं यंत्र एवढंसं होतं, त्यात जेमतेम मास्तरांची अंघोळ व्हायची, वर एक तांब्याही उरायचा नाही.

पहिल्याच सकाळी मास्तर खांद्यावर पंचा टाकून उभे. म्हणाले, "जावईबापू, दाढीला गरम पाणी काढून देऊ का? माझं काय, मी मागून अंघोळ करीन."

आता नवा जावई, तोही सासऱ्याच्या घरात राहायला आलेला. सासऱ्याच्या अंघोळीचं पाणी कसं घेणार? त्याने नुसतं "नको" म्हटलं असतं तरी भागलं असतं. पण भिडस्त माणसाचं हेच वाईट असतं, त्याला नकारसुद्धा गोड करून द्यावा लागतो. तो म्हणाला, "छे छे मास्तर, मला दाढीला गारच लागतं."

मास्तर बघतच राहिले. जन्मभर त्यांनी पोरांना गार पाण्याचे फायदे घसा कोरडा होईस्तोवर सांगितले होते, आणि एकाही पोराने ऐकलं नव्हतं. (ते स्वतः कढत पाण्याने अंघोळ करायचे ती गोष्ट वेगळी. ती म्हणे वयामुळे. तेव्हा त्यांची साठीसुद्धा यायची होती.) आणि आज असा माणूस त्यांच्याच घरात, त्यांचाच जावई होऊन आला होता! त्यांनी थंडोबाच्या पाठीवर अशी थाप मारली की त्याच्या हातातला साबण बेसिनमध्ये पडला.

संध्याकाळपर्यंत बातमी इमारतभर झाली. खालच्या मजल्यावरचा शिंपी मुद्दाम वर आला, म्हणाला, "काय हो, नेमका फायदा काय असतो?" मास्तर समोरच बसलेले. थंडोबाला काहीतरी सांगणं भाग होतं. कातडी घट्ट राहते म्हणाला, पातं जास्त दिवस टिकतं म्हणाला, दिवसभर तरतरी राहते म्हणाला. बोलता बोलता त्याचं त्यालाच ते खरं वाटायला लागलं. शिंप्याने तीन दिवस करून बघितलं. चौथ्या दिवशी बिचाऱ्याच्या हनुवटीवर कागदाचे तुकडे चिकटवलेले होते. मास्तर त्याला म्हणाले, "त्याला सवय लागते. अंगात असावं लागतं ते."

ज्याने गार पाण्याने दाढी केलेली नाही त्याला काय कळणार ते प्रकरण! साबणाला फेस येत नाही, नुसतं दह्याच्या निवळीसारखं पाणी गालावरून ओघळतं. केस ताठ उभे राहतात. पातं सरकत नाही, ओढतं. हनुवटीखाली डाव्या बाजूला थंडोबाचे केस उलटे वाढायचे, तिथे रोज रक्त. थंडीच्या दिवसांत तर बोटं अशी बधिर व्हायची की आपण रेझर धरलाय की नाही हे आरशात बघून ठरवावं लागायचं. आणि पाठीमागून मास्तर समाधानाने म्हणायचे, "झकास!"

आता खरी गंमत ऐका. हा माणूस कामाला कुठे होता? मोठ्या इस्पितळात, बॉयलरवर! सकाळी सात ते तीन त्याचं काम एकच, पाणी तापवणं. प्रेशरच्या काट्यावर नजर ठेवायची, काचेच्या नळीत पाण्याची पातळी बघायची, व्हॉल्व्ह फिरवायचे. त्याने केलेली वाफ स्वयंपाकघरात जायची, धुलाईखात्यात जायची, ऑपरेशनची अवजारं उकळायला जायची. कोण कुठला पेशंट, त्याचंसुद्धा अंग थंडोबाच्या गरम पाण्याने पुसलं जायचं. इस्पितळातला फिटर त्याला म्हणायचा, "अरे, तुझ्याएवढं गरम पाणी कुणाकडे नाही आणि तू गार पाण्याने दाढी करतोस? धन्य आहे बाबा तुझी." थंडोबा हसायचा.

सहा महिन्यांची वर्षं झाली. दाढीपुरतं असतं तर ठीक होतं हो, पण एकदा एखाद्याला काही लागत नाही असं ठरलं की लोक त्याला काही देईनासे होतात. त्यात त्यांचा दुष्टपणा नसतो, त्यांना ते सुचतच नाही. पंखा मास्तरांच्या खाटेकडे, कारण थंडोबाला चालतं. तळाचा निवलेला चहा थंडोबाला, कारण त्याला चालतं. लेक मोठी झाली, तिला अभ्यासाला खोली हवी झाली, तेव्हा थंडोबाची गादी बोळात आली, बेसिनखाली. पुढे लेक शिकायला दुसऱ्या गावी वसतिगृहात गेली तेव्हा त्या खोलीत मास्तरांची कपाटं आली. गादी बोळातच राहिली. बायकोने एकदा विचारलं, "अहो, इथे झोप लागते ना तुम्हाला?" तर हा म्हणाला, "उत्तम लागते."

खोटारडा! पण बिचारा खोटारडा. त्याच्या मनात असायचं की आज बोलायचं, आज बोलायचंच. पण एक खरं सांगायला गेलं की आधीची सगळी खोटी उघडी पडणार होती, आणि ती आता इतकी झाली होती की कुठून सुरुवात करायची हेच कळायचं नाही. रात्रीचं जेवण झालं की घरातली भांडी घासण्याच्या आवाजात त्याला कधीकधी इतकं कोंडल्यासारखं व्हायचं की तो उगाचच जिना उतरून खाली जायचा, शिंप्याच्या दुकानाशी उभा राहायचा आणि परत वर यायचा.

नऊ वर्षांपूर्वी मात्र त्याने एक चोरी सुरू केली. एका कडाक्याच्या सकाळी ड्यूटीवर आल्यावर त्याने सहज एक मग गरम पाणी काढलं, गालाला लावलं, आणि त्याचे डोळे आपोआप मिटले. दुसऱ्या दिवशी त्याने हत्यारांच्या कपाटात, पान्यांच्या मागे, रेझर आणि ब्रश आणून ठेवला. तेव्हापासून त्याची खरी दाढी तिथे व्हायची. साडेनवाला, काटा स्थिर झाला की. घरी सहाला तो बेसिनसमोर उभा राहायचा, तोंडाला गार पाणी आणि साबण लावायचा, आणि पातं न घातलेला रेझर फिरवून फेस तेवढा काढायचा. मग मफलर गुंडाळून बाहेर. मास्तरांना वयाने अंधूक दिसायचं, आणि बायको तेव्हा स्वयंपाकघरात. नऊ वर्षं! लोक बाहेर काय काय भानगडी करतात, आणि याची भानगड म्हणजे एक मग गरम पाणी.

मग एकविसाव्या वर्षीच्या थंडीत इस्पितळाच्या मोठ्या क्लार्कने त्याला बोलावून घेतलं. बॉयलरच्या मागेच नोकरांची घरं होती. दोन खोल्या, पुढे थोडं अंगण, आणि बॉयलरवरून आलेली गरम पाण्याची स्वतंत्र नळी. "तुझा नंबर लागलाय," क्लार्क म्हणाला. "तिसऱ्यांदा. दोनदा तू नाही म्हणालास. यावेळी नाही म्हणालास तर नाव कायमचं काढावं लागतं, तसा नियमच आहे. या कागदावर बायकोची सही आण. शनिवारी दुपारी बारापर्यंत."

पहिल्यांदा नंबर लागला तेव्हा मास्तरांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालेलं होतं. दुसऱ्यांदा थंडोबा बोलायला म्हणून समोर बसला, तर नेमके मास्तर म्हणाले, "जावईबापू, तुम्ही आहात म्हणून माझं म्हातारपण सुखाचं." संपलं. तो कागद त्याने दोन्ही वेळा घरात दाखवलासुद्धा नव्हता. बायकोला पत्ताच नाही.

यावेळी त्याला घर हवं होतं. कधी काही हवं नव्हतं इतकं हवं होतं. बुधवारी त्याने कागद सदऱ्याच्या खिशात ठेवला. गुरुवारी सकाळी मास्तरांच्या समोर उभा राहून घसा खाकरला. मास्तर म्हणाले, "सर्दी? तुम्हाला? शक्यच नाही!" आणि स्वतःच खो खो हसले. कागद खिशातच राहिला.

शुक्रवारी तो डबा घरी विसरला. असं कधी व्हायचं नाही. डोकं ठिकाणावर नव्हतं, दुसरं काय! बायको डबा घेऊन इस्पितळात आली. याआधी एवढ्या वर्षांत ती फाटकाच्या आत आलेली नव्हती. रखवालदाराने तिला बॉयलरचं दार दाखवलं. दार उघडंच होतं.

तिने काय बघितलं, तर नवरा स्टुलावर बसलाय, तोंडाला पांढराशुभ्र दाट फेस, शेजारी मगातून वाफ निघतेय, आणि त्याचे डोळे मिटलेले. चेहऱ्यावर असं सुख की तिने ते घरात कधी पाहिलंच नव्हतं. ती दारात थांबली. त्याने डोळे उघडले आणि रेझर तसाच हवेत राहिला.

"कधीपासून?" तिने विचारलं.

"नऊ वर्षं."

"मग घरी सकाळी काय करता?"

"पातं नसतं त्यात," तो म्हणाला.

ती हसली नाही. डबा तिने काट्याखालच्या टेबलावर ठेवला. "आणि त्याच्या आधीची बारा वर्षं?"

"ते खरं होतं. म्हणजे गार पाणी खरं होतं. आवडत नव्हतं."

"अकरा वर्षांपूर्वी माझ्या मैत्रिणीची खोली रिकामी झाली होती," ती म्हणाली. "मी तुम्हाला विचारलं होतं, जायचं का आपण. आठवतं? तुम्ही म्हणालात, इथे काय वाईट आहे? मला वाटलं, यांना इथेच बरं वाटतंय, मग मी कशाला हट्ट करू? मी त्या दिवशी धुण्याच्या दगडावर बसून रडले. मला निघायचं होतं हो! मलाही बाबांच्या त्या घरात जीव नकोसा होतो. वडील आहेत, जीव आहे त्यांच्यावर, पण सकाळपासून त्यांचंच ड्रिल."

त्याने फेस पुसायचंही भान न ठेवता खिशातला कागद काढून तिच्यापुढे धरला. तिने वाचला. दोनदा वाचला. "तिसऱ्यांदा," ती हळूच म्हणाली. "आधीचे दोन कुठे आहेत ते मी विचारत नाही. विचारलं तर आपलं भांडण होईल."

"सही कर," तो म्हणाला. "आपण जाऊ. मास्तरांचं घर इथून दहा मिनिटांवर तर आहे. मास्तरांना दोन वेळचं जेवण तू देऊन येशील, मी झोपायला जात जाईन हवं तर."

"बघा, आत्ताच झोपायला निघालात," ती म्हणाली. "मी सही करीन हो, आत्ता करीन. पण बाबांना कोण सांगणार? मी सांगितलं की ते तुमच्याकडे बघतील, आणि तुम्ही म्हणाल, मला काय, मला इथेही चालतं. मग मी एकटी वाईट. पोटची मुलगी म्हाताऱ्याला सोडून निघाली, आणि जावई मात्र देवमाणूस. असं नाही व्हायचं."

"नाही होणार असं."

"मग एक करा. उद्या सकाळी मी चुलीवर तांब्याभर पाणी तापवते आणि बाबांसमोर तुमच्यापुढे ठेवते. ते घ्यायचं. काही बोलू नका, भाषण नको, फक्त त्या पाण्याने दाढी करा. तेवढं केलंत की मला कळेल, तुम्ही माझ्या बाजूने उभे राहाल. मी तिथल्या तिथे सही करीन आणि पुढचं सगळं मी बोलेन. कराल?"

"करीन," तो म्हणाला. "त्यात काय आहे? करीन."

तिने कागद आपल्या पिशवीत ठेवला. जाताना वळून म्हणाली, "फेस छान आलाय." आणि तेव्हा मात्र थोडी हसली. थंडोबाला वाटलं, सुटलो.

शनिवारी पावणेसहापासून तो बेसिनसमोर उभा. हातपाय गार, पण आतून नवरदेवासारखा आनंद. इतक्यात दाराची कडी वाजली. मास्तरांचा एक जुना विद्यार्थी, आता स्वतः दुसऱ्या शाळेत ड्रिल शिकवणारा, फिरायला जाता जाता भेटायला आला होता. मास्तरांनी त्याला खुर्ची ओढून दिली, ती बेसिनच्या दिशेने वळवून.

"बघ," मास्तर म्हणाले. "मी वर्गात सांगायचो ते तुम्हाला सगळ्यांना थोतांड वाटायचं. हा बघ माणूस! एकवीस वर्षं. एक दिवस चुकलेला नाही. कुणी शिकवलं नाही याला, उपजतच." ते विद्यार्थ्याकडे वळले. "मला मुलगा नाही याचं दुःख मी कधीच केलं नाही, ते याच्यामुळे."

स्वयंपाकघरातून बायको आली. हातात फडक्याने धरलेला तांब्या, त्यातून वाफ निघतेय. तिने तो बेसिनच्या कठड्यावर, अगदी त्याच्या हाताशी ठेवला, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "हे घ्या. तुमच्या दाढीला गरम पाणी."

मास्तर हसले. "अगं, डोकं फिरलं का तुझं? कुणाला देतेयस?"

"त्यांना बोलू द्या, बाबा."

सगळे थंडोबाकडे बघायला लागले. फार काही करायचं नव्हतं हो! नुसता ब्रश त्या तांब्यात बुडवायचा. त्याचा हात उचललाही गेला. वाफ त्याच्या मनगटाला लागली. त्याने आरशात बघितलं. आरशात मागे मास्तर दिसत होते, ऐंशीला आलेले, पुढे वाकलेले, डोळे बारीक करून त्याच्याकडे बघणारे. त्यांना जराही शंका नव्हती. थंडोबाने मनात स्वतःला शिव्या घातल्या. बुडव ना ब्रश, गाढवा, बुडव! बायको श्वास रोखून उभी होती ते त्याला न बघताही कळत होतं.

आणि त्याला स्वतःचा आवाज ऐकू आला. मोकळा, हसरा, रोजचा आवाज. "अगं, मला कशाला? मास्तरांना दे पाय शेकायला."

"वा!" विद्यार्थी म्हणाला.

"बघितलंस?" मास्तरांनी मांडीवर थाप मारली.

बायकोने त्याला हाताने थोडं बाजूला सारलं, बाह्या वर केल्या, आणि त्या पाण्याने स्वतःचं तोंड धुवायला लागली. घाई न करता, कपाळ, गाल, मान, कानांच्या मागे, ओंजळी भरभरून, तांब्या पुरता रिकामा होईस्तोवर. मास्तर नि विद्यार्थी शाळेच्या गोष्टींत रमले. थंडोबा हातात कोरडा ब्रश धरून तिच्याकडे बघत राहिला. तिने त्याच्या खांद्यावरचा टॉवेल ओढला, तोंड पुसलं, टॉवेल परत त्याच्या खांद्यावर ठेवला आणि आत गेली.

निघताना तिने डबा दिला, आणि कागदही दिला. घडी केलेला. त्याने जिन्यात तो उघडून बघितला. सहीची जागा कोरी होती.

बारा वाजता मोठ्या क्लार्कने यादी पुढे ओढली, पट्टी ठेवून त्याच्या नावावर सरळ रेघ मारली आणि चष्म्यावरून बघत म्हणाला, "कमाल आहे बुवा तुझी. लोक या घरांसाठी पाया पडतात आमच्या. सासुरवाडीत इतकं सुख आहे का रे?"

"आहे ना," थंडोबा म्हणाला, आणि काटा बघायला बॉयलरकडे गेला.